अर्ध्या ओळीवरचा श्वास

स्तोत्र वाचताना आजी प्रत्येक वचनाच्या मध्यावर थांबायची. अर्धं वचन म्हणून झालं की क्षणभर काहीच नाही. मग नाकातून आत ओढलेला एक श्वास, किंचित खरखरणारा, आणि त्या श्वासामागून उरलेलं अर्धं. इतक्या वर्षांनी तिचे शब्द मला सलग आठवत नाहीत, चेहराही फोटोतला आणि खरा असा एकमेकांत मिसळून गेला आहे. पण तो श्वास स्वच्छ ऐकू येतो. पहाटे जास्तच. अजून कोणाच्या घरात भांडं वाजलेलं नसतं, बाहेर उजाडायचं की नाही हे आभाळाचं ठरलेलं नसतं, आणि कुठलंही कारण नसताना मला जाग येते. डोळे मिटून पडून राहावं. येतोच तो.

लहानपणी मला वाटायचं, मधल्या त्या रिकाम्या जागेत कोणीतरी तिला उत्तर देतं. आपल्याला ते ऐकू येत नाही, तिला येतं, आणि ते नीट ऐकून घेऊनच ती पुढचं अर्धं म्हणते. मी गोधडीत कान टवकारून पडून राहायचे. कंदिलाची वात तिने बारीक केलेली असायची, तिची सावली भिंतीवर उतरंडीच्या पलीकडे गेलेली, आणि त्या पिवळ्या उजेडात ती ओठ हलवत, थांबत, श्वास घेत वाचायची. विचारायची छाती कधी झाली नाही. विचारलं असतं तर ती हसली असती, आणि मग ते उत्तर देणारं कोणी राहिलं नसतं.

पुढे कधीतरी वाचनात आलं की हिब्रू स्तोत्रांची घडणच अशी दुहेरी आहे. ओळीच्या पहिल्या भागात एक गोष्ट म्हणायची, दुसऱ्यात तीच जरा वळवून, जरा खोल नेऊन पुन्हा म्हणायची. आजीला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. मिशनच्या शाळेत चार इयत्ता झालेली बाई ती. मला वाटतं, तिला ते जात्यावर मिळालं. जात्याशी बसणाऱ्या बाईला ओळ कुठे सोडायची आणि कुठे उचलायची हे सांगावं लागत नाही. खुंटा फिरून समोर येतो, दम भरतो, ओळ उचलली जाते. दाविदाची स्तोत्रं तिच्या तोंडात ओवीच्या चालीनेच पडली असणार. उपासनेला पेटी असायची, ढोलकी असायची, गाणी असायची. पण घरातलं हे पहाटेचं वाचन धड गाणंही नव्हतं आणि धड वाचनही नव्हतं.

आमचं गाव नेवासे तालुक्यात, वडाळ्याच्या अंगाला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, बोलताना मात्र आमच्या तोंडी अजून नगरच येतं, आणि वडाळ्याला तर लोक वडाळा मिशनच म्हणतात. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली नगरला येऊन राहिली, १८३३मध्ये तिथे पहिली मंडळी उभी राहिली, आणि तिथून गावोगाव पसरत ती या काळ्या मातीपर्यंत पोचली. वडाळ्याला सॅम्युअल फेअरबँक नावाचे साहेब होते. ते उपदेश करून आले की पक्ष्यांची आणि गोगलगाईंची निरीक्षणं करत बसायचे, आणि त्या विषयातल्या जाणकारांत त्यांचं नाव होतं. मला हे साहेब आवडतात. दुष्काळी मुलखात गोगलगाई शोधत फिरणाऱ्या माणसाचा देवावर भरवसा असणार, नाहीतर काय.

माझी पणजी या मंडळीत आली ती १९००च्या दुष्काळात. त्या साली नगरला रॉबर्ट ह्यूम आणि त्यांच्याबरोबरची मंडळी मदतीची कामं चालवत होती, आईबाप गेलेली पोरं गोळा करून सांभाळत होती. पणजी त्या पोरांतली. तिला आपलं गाव आठवत होतं, गावच्या विहिरीवरचं उंबराचं झाड आठवत होतं. परत जायला तिथे कोणी उरलं नव्हतं. अक्षर ती बोर्डिंगात शिकली आणि शिकली ती बायबलावरच. म्हणजे आमच्या घरात दयेची याचना ही वाचनाच्याही आधीची; आधी भूक होती, मग ती मागणं, आणि त्याच्या मागून अ आ इ ई.

त्याच काळात नगरला नारायण वामन टिळक होते. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पाच वर्षांनी लक्ष्मीबाई त्याच वाटेने आल्या. टिळकांनी आमच्या उपासनेत अभंग आणला, ओवी आणली, आणि मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या आईच्या आवाजात देवाशी बोलता यायला लागलं. तसं पाहिलं तर दया कर म्हणत देवाच्या दारात बसणं मराठीला परकं होतंच कधी? रामदासांची करुणाष्टकं घरोघरी म्हटली जात होती. १६३०च्या दुष्काळात तुकोबांची बायको अन्नावाचून गेली आणि त्यानंतर ते देवाशी ज्या भाषेत भांडले ती भाषा दाविदाला अनोळखी वाटली नसती. आमच्या गावापासून नेवासे जवळच. ज्ञानोबांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात तो पैस खांब तिथेच आहे. आजी त्या देवळात कधी गेली नाही. पण शेजारच्या माळकरी आजोबांचा हरिपाठ आणि तिचं स्तोत्र एकाच वेळी सुरू व्हायचं, मधे फक्त एक कुडाची भिंत, आणि ती श्वास घ्यायला थांबली की त्या जागेत पलीकडचा एखादा शब्द येऊन पडायचा. दोघांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

मग १९७२ आलं.

पाऊस आलाच नाही, असं त्या सालाबद्दल म्हणायची पद्धत आहे. आला होता. चार शिंतोडे टाकून, माणसाला पेरायला लावून गेला होता, आणि हेच जास्त वाईट. आदली दोन वर्षंही उणीच गेलेली. विहिरींचे तळ दिसायला लागले, मग तळाची तडकलेली माती दिसायला लागली, आणि गावातल्या ज्या बायांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाऊल टाकलं नव्हतं त्या टिकाव-पाट्या घेऊन पाझर तलावाच्या कामावर निघाल्या. मे १९७३मध्ये राज्यभरात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती, असं नंतर वाचलं. मला त्यातली एक ठाऊक आहे. ती खडी फोडायची.

तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली असायची. चिंधीखाली बोटं चिरलेली, चिरांत दगडाची पिठी बसलेली; रात्री ती गोडेतेल चोळायची आणि सकाळी पुन्हा तेच. बायबलची पानं कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. चिरलेल्या बोटाला पान अडकायचं, सुटता सुटायचं नाही, म्हणून ती करंगळीच्या पेराने पान उलटायला शिकली होती. ते बायबल आता माझ्याकडे आहे. एकशे सव्विसाव्या स्तोत्राच्या पानाच्या कडेला एक तपकिरी डाग आहे. चहाचाही असेल.

कामावर दुपारी सुकडी मिळायची. तांबड्या मिलोची भाकरी थापता थापता चिरायची आणि घशाखाली उतरताना खरवडायची. सुट्टीत बाभळीच्या विरळ सावलीत बाया पाय पसरून बसायच्या, आणि कोणीतरी म्हणायची, "आत्याबाई, म्हना की तुमचं." त्यांत आमच्या मंडळीतल्या थोड्याच, बाकी मराठ्यांच्या, माळ्यांच्या, वंजाऱ्यांच्या. आजी पुस्तक नेत नसे. एकशे सव्विसावं तिला पाठ होतं.

त्या स्तोत्रात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांचं म्हणून ते ओळखलं जातं. यरुशलेमला चढून जाताना म्हणायची जी पंधरा स्तोत्रं आहेत, त्यांतलं एक. सुरुवातीला आनंदीआनंद आहे: देवाने आम्हांला पुन्हा उभं केलं, आम्हांला तर ते स्वप्नच वाटलं, हसू तोंडात मावेना. आणि लगेच, काही कारण न देता, तेच लोक हात पसरतात: आम्हांला पुन्हा उभं कर, दक्षिणेच्या कोरड्या रानात ओढे भरून येतात तसं. शेवटी पेरणारे येतात. ते रडत बी घेऊन निघालेले आहेत.

आता हे स्तोत्र खडी फोडणाऱ्या बायांनी ऐकायचं म्हणजे काय! पुस्तकात हे कुठल्या तरी लांबच्या देशाचं वर्णन असतं, आणि टीका लिहिणारे पंडित खाली तळटीप देतात की त्या वाळवंटी मुलखात ओढे वर्षभर कोरडे असतात आणि पावसात एकाएकी वाहतात. नगर जिल्ह्यातल्या बाईला या तळटिपेची काय गरज? सह्याद्रीने अडवून उरलेला पाऊस आमच्या वाट्याला येतो; बरं साल असलं तरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर. ओढा म्हणजे बारा महिने गुरं हाकायची वाट, आणि एखाद्या संध्याकाळी नदी. बी घेऊन रडत निघणं कसं असतं तेही त्यांना माहीत होतं, कारण घरातलं शेवटचं पायलीभर धान्य खायचं की मातीत टाकायचं हा वाद ज्या घरात होतो, तिथे पेरणारा कोरड्या डोळ्यांनी निघत नाही.

पण मला त्यातलं दुसरंच काही धरून ठेवतं. एकदा परत मिळालेली माणसंच तिथे पुन्हा मागायला बसली आहेत. मागच्या दयेची आठवण काढायची आणि तिच्याच जोरावर नवी मागायची: तू तेव्हा केलंस, मला माहीत आहे तू करतोस, मग आता का गप्प? ही लबाडी नाही. उसनं मागायला त्याच दारात जावं लागतं जिथून पूर्वी मिळालेलं असतं. आजीच्या आईला १९००मध्ये मिळालं होतं. त्या भांडवलावर आजी १९७२मध्ये मागत होती.

तिचं रोजचं पहाटेचं स्तोत्र मात्र हे नव्हे. ते एक्कावन्नावं. दावीद राजाने परक्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं, नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर बोल लावला, आणि मग राजा कोसळून जे बोलला ते हे, अशी त्याची परंपरेने चालत आलेली हकिगत. मला ही हकिगत रविवारच्या शाळेत कळली तेव्हा मी गोंधळूनच गेले. एवढ्या मोठ्या राजाचं एवढं मोठं पाप आमची आजी रोज स्वतःच्या तोंडाने का कबूल करते? तिने कोणाचं काय घेतलं? एकदा धीर करून विचारलं. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"म्हनावं गं. आपलं बी काही असतंच की."

एवढंच. काय असतं ते तिने सांगितलं नाही, मीही पुढे विचारलं नाही.

दुष्काळ हे पापाचं फळ, असं सांगणारे तेव्हाही होते. आमच्या देवळात होते तसे इतरांच्या देवळांतही होते, आणि त्यांच्यातल्या कोणाच्या बोटाला चिंधी नव्हती. आजी असलं बोलणं ऐकून घ्यायची आणि त्यातलं काहीच घरी आणायची नाही. पश्चात्तापाचं स्तोत्र तिने गावावर कधी लावलं नाही. एक्कावन्नावं ती स्वतःसाठी, अंधारात, एकटी म्हणायची. चारचौघींत, उन्हात, एकशे सव्विसावं. ही वाटणी तिने काटेकोर पाळली. धर्मशास्त्र शिकवणाऱ्या पुष्कळांना ती साधत नाही.

आजोबा घोडेगावच्या बाजारात बैल विकून आले त्या संध्याकाळी तिने या दोहोंतलं एकही काढलं नाही. जोडी कवडीमोल गेली होती; बाजारात विकणारेच सगळे, घेणारा कसाई. आजोबा रिकामी दावी खांद्यावर टाकून आले, ती खुंटीला अडकवली आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसले. आजीने तेरावं वाचलं. ते अगदी छोटं आहे. सुरुवातीलाच, आणखी किती दिवस, असं ते देवाला चारदा विचारतं. आजी वाचत गेली, तो प्रश्न आला की थांबत गेली, आणि त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मधल्या जागेत कोणीही बोलत नाही.

१९७३चा पाऊस आला. गुरांच्या वाटेवर आम्ही पोरं उभी होतो. आधी आवाज आला, वरच्या अंगाने, पाचोळा तुडवल्याचा. मग पाणी दिसलं, पण पाण्यासारखं दिसेना. पुढे वाळक्या काटक्या, शेळ्यांच्या लेंड्या, बाभळीच्या शेंगा, तपकिरी फेस, असा सगळा वर्षभराचा केर ढकलत ते हळूहळू सरकत येत होतं, माणूस चालतो त्या वेगाने. एक सरडा पुढे पळत होता. पाणी माझ्या पायाशी आलं ते कोमट होतं. मागे वळून पाहिलं तर गावातल्या बाया काठावर गोळा झालेल्या, आणि त्यांच्यातली ती माळणीची सखूआत्या (आम्ही सगळ्याच बायांना आत्या म्हणायचो) आजीला कोपराने ढोसत होती. "आत्याबाई, आला बघा तुमचा दक्षिनेचा ओढा." आणि त्या हसत सुटल्या. तोंडावर पदर धरून, एकमेकींवर रेलून.

बैल मात्र परत आले नाहीत. थोरले काका त्या वर्षी मुंबईला गेले ते पुढे पाहुण्यासारखे सणापुरते येत राहिले. पुन्हा उभं राहणं म्हणतात ते असं, तुटकं. स्तोत्रांत हे कोणी लपवलेलं नाही, हे मला मोठेपणी कळलं. तिथे परत आलेल्यांच्या तोंडातही रडणाऱ्याचंच बी आहे.

माझी वेळ आली तेव्हा मी शहरात होते. नवऱ्याला एका रात्री दवाखान्यात हलवलं, काचेच्या दाराआड नेलं, आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. पर्समध्ये छोटं स्तोत्रांचं पुस्तक होतं. एकशे तिसावं काढलं. खोल खड्ड्यातून हाक मारणारं स्तोत्र आहे ते, आणि त्यात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत. त्यांचं नाव घेऊन ओळ लगेच पुन्हा तेच म्हणते, जसं काही एकदा म्हणून भागलं नाही. समोर दवाखान्याचा वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. त्याने स्वेटरवर मफलर गुंडाळला होता, एक बूट काढून पाय बुटावर ठेवला होता. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. "ताई, किती वाजले?" त्याने विचारलं. मी सांगितलं. जरा वेळाने त्याने पुन्हा विचारलं. त्याची पाळी सहाला सुटायची. त्या रात्री जगात सकाळ हवी असणारी दोनच माणसं होती, आणि खरं सांगायचं तर त्याला ती जास्त मनापासून हवी होती. मला सकाळची भीतीही वाटत होती. मी वाचत राहिले. मोठ्याने वाचत नव्हते, तरी अर्ध्यावर थांबत होते. माझ्याच नाकातून तो खरखरणारा श्वास येत होता.

ते घरी आले. आम्हांला आणखी काही वर्षं मिळाली.

२०२०च्या मार्चमध्ये चर्चची दारं बंद झाली. ईस्टरही बंद दारांआड गेला. आमच्या मंडळीतल्या कोणा तरुणाने फोनवर सगळ्यांना जोडायचं मनावर घेतलं, आणि मग दर संध्याकाळी आम्ही फोन ताटाला टेकवून स्तोत्रं वाचायला लागलो. पाळकसाहेब एक वचन, आम्ही पुढचं. देवळात हे वाचन एका आवाजात होतं. फोनवर कोणी आधी, कोणी मागून, एखाद्याच्या मागे कुकरची शिट्टी, एखाद्याचा आवाज मधेच गायब. साहेबांचं वचन संपलं की आमचं पोचेपर्यंत थोडा वेळ जायचा. नेटवर्क, दुसरं काय. पण त्या वेळात सगळे गप्प असायचे, आणि शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटायचं की पलीकडे अजून कोणीतरी आहे. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आवाज कमी होत गेले. आमच्या घरातलाही एक कमी झाला. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

दारं उघडल्यावर गेलेल्यांच्या आठवणीची उपासना ठेवली होती. नावं वाचून झाली. यादी लांब होती, आणि तरुण पाळकसाहेबांचा घसा दोनदा अडकला. पाणी पिऊन त्यांनी तेविसावं काढायला सांगितलं. हिरवी कुरणं, संथ पाणी. त्यात चूक काहीच नाही. प्रत्येक मयतीला तेच वाचतात. पानं वाजायला लागली तोच बायकांच्या बाजूने एक म्हातारा आवाज आला.

"साहेब, आज अठ्ठ्याऐंशी घ्या."

दीडशे स्तोत्रांत ते एक असं आहे की ज्याला वळण नाही. दुःखाने सुरू होतं आणि काळोखात संपतं, शेवटी आभार नाहीत, आशा नाही. देवळात ते सहसा कोणी वाचत नाही. पाळकसाहेब जरा चाचरले. "आत्या, ते फार अंधाराचं आहे. लोकांना धीर देणारं काहीतरी..."

"धीर घरी जाऊन धरू. आधी आमचं त्याला कळू द्या."

कोणी हसलं नाही, कोणी त्यांना खाली बसवलंही नाही. अर्धे लोक चष्मे चाचपत होते, कित्येकांना ते पानच सापडेना, पुढच्या बाकावरची मुलं एकमेकांच्या पुस्तकात डोकावत होती. साहेब अजून पानं उलटतच होते, तेवढ्यात आत्यांनी पहिलं वचन पाठ म्हणायला सुरुवात केली, आणि त्यांना दुसऱ्या वचनापासून आमच्यात यावं लागलं.